आकार उत्तम, एनकॅप्सुलेशन ९५ टक्के, तरी पेशीत प्रथिन नाही: एमआरएनए लिपिड नॅनोकणांत बिघाड कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.फार्म.च्या प्रकल्पासाठी ल्युसिफरेज (पेशीत तयार झाले की चमक देणारे प्रथिन) याचा एमआरएनए भरलेले लिपिड नॅनोकण बनवले. एसएम-१०२ (आयनायझेबल, म्हणजे पीएचप्रमाणे भार बदलणारे लिपिड), डीएसपीसी (फॉस्फोलिपिड), कोलेस्टेरॉल आणि डीएमजी-पेग-२००० (पेग साखळी जोडलेले लिपिड) हे नेहमीचे चार घटक, मायक्रोफ्लुइडिक चिपवर मिसळलेले. आकार ८२ नॅनोमीटर, पीडीआय (कण किती असमान आहेत त्याचा आकडा) ०.११, रायबोग्रीन या रंगाने मोजलेले एनकॅप्सुलेशन, म्हणजे कणात बंद झालेला आरएनए, ९५ टक्के. पण एचईके-२९३ या मानवी पेशींत ल्युसिफरेजचा सिग्नल जवळपास शून्य. बॅच पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेला मीठ-बफर) उणे ८० अंशांवर ठेवून वितळवली तर आकार २०० नॅनोमीटरच्या पुढे गेला. मार्गदर्शकांचे म्हणणे, कण चांगले झालेत, आता उंदरांत देऊन बघा. द्यावेत का?

अजून देऊ नका. आकार, पीडीआय आणि एनकॅप्सुलेशन हे तीन आकडे फक्त एवढेच सांगतात की कण तयार झाला आणि त्यात काहीतरी आरएनए आहे. तो आरएनए अखंड आहे का, कण पेशीत शिरतो का, शिरल्यावर एंडोसोममधून, म्हणजे पेशीने आत ओढताना त्याभोवती बनवलेल्या पिशवीतून, बाहेर पडतो का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांत नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत हेच तीन आकडे आणि एक टीईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) चित्र देऊन प्रकरण संपते, आणि पुढच्या विद्यार्थ्याला वाटते की कण गोल दिसला म्हणजे औषध पोचले. नॅनोवाहकाचे खरे काम कण बनल्यानंतर सुरू होते.

हा कण काय करतो ते आधी स्पष्ट हवे. न्यूक्लिक ॲसिड ऋणभारित असते, पाण्यात विरघळते आणि रक्तातली रायबोन्यूक्लिएज विकरे ते बघता बघता तोडून टाकतात. एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा छोटा दुपदरी आरएनए) साधारण १३ ते १४ किलोडाल्टनचा असतो. ल्युसिफरेजचा एमआरएनए सुमारे १,९०० न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे सहा लाख डाल्टनच्या वर. एवढा मोठा, ऋणभारित रेणू पेशीच्या पडद्यातून आपणहून जात नाही. आयनायझेबल लिपिडची युक्ती अशी की पीएच ४ ला त्याचे अमाइन धनभारित होते आणि आरएनएला धरते, रक्ताच्या ७.४ ला जवळजवळ तटस्थ होते, त्यामुळे कण विषारी ठरत नाही आणि रक्तातल्या प्रथिनांना सरसकट चिकटत नाही. एंडोसोमचा पीएच ६.५ वरून ५ च्या आसपास उतरतो तेव्हा ते पुन्हा धनभारित होऊन एंडोसोमच्या ऋणभारित लिपिडांशी जोडी जमवते, पडदा विस्कटतो आणि आरएनए सायटोप्लाझममध्ये उतरतो. म्हणून कणाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे अमाइन धनभारित असतात तो) ६ ते ७ च्या मधल्या अरुंद पट्ट्यात लागतो. ऑनपॅट्रो या एसआयआरएनए औषधातल्या एमसी३ लिपिडचा ६.४४, एसएम-१०२ चा ६.६८, फायझरच्या लशीतल्या एएलसी-०३१५ चा ६.०९. पीकेए या पट्ट्याच्या बाहेर गेला तर आकार आणि एनकॅप्सुलेशन सुंदर येऊनही कण एंडोसोममध्येच अडकून राहतो.

आणि चांगला कणसुद्धा इथे फार कमी पडतो. २०१३ मध्ये एसआयआरएनए-लिपिड कणांवर झालेल्या मोजणीत पेशीत शिरलेल्या एसआयआरएनएपैकी जेमतेम १ ते २ टक्केच एंडोसोममधून बाहेर पडला असे दिसले. या क्षेत्रातली सगळ्यात मोठी गळती हीच आहे. कण आणखी गोल किंवा आणखी एकसारखे करून ती भरून निघत नाही.

आधी हिशेब तपासा

एन/पी गुणोत्तर म्हणजे आयनायझेबल लिपिडमधल्या नायट्रोजनांची संख्या भागिले आरएनएमधल्या फॉस्फेटांची संख्या. एमआरएनएसाठी ६ पासून सुरुवात करतात. १०० मायक्रोग्रॅम एमआरएनएचा हिशेब मांडून बघू. एका न्यूक्लिओटाइडचे सरासरी वजन ३३० धरले तर ०.३०३ मायक्रोमोल फॉस्फेट होते. सहापट म्हणजे १.८२ मायक्रोमोल एसएम-१०२. त्याचा रेणुभार ७१०.२, म्हणून १.२९ मिलिग्रॅम. मोडर्नाच्या लशीत वापरलेले मोल प्रमाण ५० : १० : ३८.५ : १.५ असे आहे, म्हणजे एकूण लिपिड ३.६४ मायक्रोमोल. त्यात डीएसपीसी ०.२८७ मिलिग्रॅम, कोलेस्टेरॉल ०.५४१ मिलिग्रॅम, डीएमजी-पेग-२००० सुमारे ०.१३७ मिलिग्रॅम. चौघांची बेरीज २.२६ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे आरएनएच्या साधारण २२ ते २३ पट लिपिड. तुमच्या वहीतला आकडा यापासून फार लांब असेल तर चूक बहुधा रेणुभारात किंवा आरएनएच्या मोजणीत आहे.

सगळ्या लिपिडांचे स्टॉक इथेनॉलमध्ये १० मिलिग्रॅम प्रति मिली असतील तर एसएम-१०२ चे १२९, डीएसपीसीचे २८.७, कोलेस्टेरॉलचे ५४.१ आणि पेग-लिपिडचे १३.७ मायक्रोलिटर घ्यायचे आणि इथेनॉलने ३०० मायक्रोलिटर पुरे करायचे. समोरच्या सिरिंजमध्ये १०० मायक्रोग्रॅम आरएनए ९०० मायक्रोलिटर, ५० मिलिमोलर, पीएच ४ च्या सायट्रेट बफरमध्ये. पाणी आणि इथेनॉल ३ : १, एकूण प्रवाह मिनिटाला १२ मिली. १.२ मिलीचे सगळे मिश्रण सहा सेकंदांत बाहेर येते. त्यातला सुरुवातीचा भाग आणि शेवटचे काही थेंब टाकून द्यायचे असतात, कारण तिथे दोन्ही प्रवाह अजून जुळलेले नसतात. म्हणून प्रत्यक्षात हिशेबापेक्षा थोडे जास्तच भरा. फेकायच्या भागातला आरएनए वाचवायचा मोह होतो, पण त्या थेंबांतले मोठे कण पूर्ण बॅचचा पीडीआय बिघडवतात.

स्टॉककडे फारसे कोणी बघत नाही. डीएसपीसी आणि कोलेस्टेरॉल उणे २० अंशांवरच्या इथेनॉलमधून खाली बसतात. बाटली फ्रीजरमधून काढून लगेच पिपेट लावली तर वरचे पातळ द्रावण येते, प्रमाण बदलते आणि वहीत मात्र ५० : १० : ३८.५ : १.५ असेच लिहिलेले राहते. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग ३७ ते ४० अंशांवर पूर्ण पारदर्शक होईपर्यंत हलवा, उजेडासमोर धरून बघा, मगच मोजून घ्या. थंड बाटली उघडली की हवेतला ओलावा आत जातो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे फार लवकर होते, आणि इथेनॉलमध्ये पाणी वाढले की कोलेस्टेरॉल आणखी लवकर खाली बसते. स्टॉक लहान कुपींत वाटून, वर नायट्रोजन किंवा आरगॉन भरून ठेवा.

आरएनएची मोजणी नॅनोड्रॉपवर (प्रकाशशोषण मोजणारे यंत्र) केली असेल तर इन व्हिट्रो ट्रान्सक्रिप्शनमधले, म्हणजे नळीत आरएनए बनवतानाचे, उरलेले न्यूक्लिओटाइडही २६० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात, हे ध्यानात ठेवा. शुद्धीकरण नीट झाले नसेल तर १०० मायक्रोग्रॅम वाटणारा आरएनए प्रत्यक्षात बराच कमी असतो. शिवाय आरएनएसोबत आलेले जास्तीचे मीठ लिपिडची आरएनएवरची पकड सैल करते. आरएनए आधी पाण्यात किंवा पातळ सायट्रेटमध्ये बदलून घ्या.

चिपमधून बाहेर आल्यावरचा अर्धा तास

मिश्रणात अजून २५ टक्के इथेनॉल आहे, पीएच आम्ल आहे. कण या अवस्थेत कच्चे असतात. तसेच बाकावर ठेवले तर एकमेकांत मिसळून मोठे होतात. पीबीएसमध्ये किंवा पीएच ७.४ च्या ट्रिसमध्ये ताबडतोब किमान पाचपट, जमल्यास दहापट पातळ करा. नंतर १० किलोडाल्टनच्या पडद्यातून हजारपट आकारमानाच्या बफरसमोर ४ अंशांवर डायलिसिस, मध्ये एकदा बफर बदलून. पातळ केल्यामुळे आकारमान वाढते, ते १०० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टरने आटवता येते. पण फिल्टरमध्ये टाकण्याआधी इथेनॉल ५ टक्क्यांच्या खाली हवे, वेग बेताचा हवा, मधूनमधून पिपेटने हलक्या हाताने ढवळायला हवे आणि पडदा कधीही कोरडा पडता कामा नये. पडद्याला चिकटून गुठळ्या होतात त्या इथेच.

पीएच वाढतो तेव्हा आयनायझेबल लिपिडचा भार जातो आणि लहान कण आपसात जोडले जाऊन अंतिम आकार ठरतो. त्या जोडणीला लगाम घालणारा घटक म्हणजे पेग-लिपिड. ते अर्धा टक्का ठेवले तर कण मोठे येतात, ५ टक्के केले तर लहान आणि देखणे येतात, पण पेशी त्यांना हात लावत नाहीत. डीएमजी-पेगमधली शेपटी १४ कार्बनची असते, ती रक्तात कणावरून लवकर सुटते आणि कण उघडा होतो. १८ कार्बनची डीएसजी-पेग घेतली तर ती चिकटून राहते. कण रक्तात जास्त वेळ फिरतो, यकृतातली अभिव्यक्ती मात्र घसरते. प्रयोगशाळेत कोणी पेगची बाटली बदलली असेल तर लेबलवरचा हा एक आकडा नक्की बघा.

डायलिसिस संपल्यावर कणांच्या द्रावणाचा पीएच प्रत्यक्ष मोजा. बफर कमी पडून तो ६ च्या आसपास राहिलेला असेल तर कणाचा पृष्ठभाग अजून धनभारित आहे. असे कण माध्यमातल्या प्रथिनांना चिकटून गोळा होतात.

९५ टक्क्यांचा खरा अर्थ

रायबोग्रीन आरएनएला बांधले गेले की चमकते. ट्रायटन एक्स-१०० न घालता मोजले तर बाहेरचा आरएनए, ट्रायटनने कण फोडून मोजले तर एकूण आरएनए. फरक भागिले एकूण म्हणजे एनकॅप्सुलेशन. इथे तीन ठिकाणी फसगत होते. ट्रायटनमुळे रंगाची चमकच बदलते, म्हणून ट्रायटनसह आणि ट्रायटनविना अशा दोन वेगळ्या स्टँडर्ड वक्ररेषा लागतात. एकाच वक्ररेषेवर दोन्ही वाचणे हे चुकीच्या आकड्यांचे अगदी सर्रास कारण आहे. दुसरे, टक्केवारी ही उरलेल्या आरएनएची असते. १०० मायक्रोग्रॅम घातले आणि शेवटी ५० मायक्रोग्रॅमच हाती आले, तरी एनकॅप्सुलेशन ९५ टक्के दिसू शकते. बाकीचे चिपमध्ये, पडद्यावर किंवा नळीला गेले. एनकॅप्सुलेशनच्या शेजारी एकूण परतावा लिहिलाच पाहिजे, नाहीतर पेशींना दिलेला डोस तुम्हाला माहीतच नाही.

तिसरे कारण तुमच्या शून्य सिग्नलच्या सर्वात जवळ आहे. तुटलेला आरएनएही रायबोग्रीनमध्ये तितकाच चमकतो. १,९०० न्यूक्लिओटाइडांच्या साखळीत एक काप पडला तरी पूर्ण प्रथिन तयार होत नाही, पण रायबोग्रीनला त्याची खबर नसते. एसआयआरएनएवर काम केलेल्यांना एमआरएनएमध्ये हा धक्का बसतो, कारण २१ जोड्यांच्या, रासायनिक बदल केलेल्या आरएनएत ही अडचण फारशी येत नाही.

म्हणून कणातून आरएनए परत काढा आणि बघा. कणांचे द्रावण ६० मिलिमोलर अमोनियम ॲसिटेट घातलेल्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये दहापट पातळ करा, हलवा, ४ अंशांवर १४,००० जी ला १५ मिनिटे फिरवा. लिपिड वर द्रवात राहतात, आरएनए तळाशी बसतो. गोळी आयसोप्रोपॅनॉलने धुऊन, हलकी वाळवून रायबोन्यूक्लिएजमुक्त पाण्यात घ्या. एक भाग केशिका इलेक्ट्रोफोरेसिसवर किंवा निदान डीनेचरिंग अगॅरोज जेलवर, मूळ आरएनएच्या शेजारी. दुसरा भाग बाजारातल्या एमआरएनए ट्रान्सफेक्शन अभिकर्मकाने त्याच एचईके पेशींत, पुन्हा मूळ आरएनएच्या शेजारी.

या दुसऱ्या भागाइतका उलगडा करणारा प्रयोग माझ्या मते या सगळ्या प्रकरणात दुसरा नाही, आणि त्याला एक दिवस पुरतो. मूळ आरएनएच चमकला नाही तर दोष ट्रान्सक्रिप्शनमध्ये किंवा आरएनएच्या दोन टोकांत, म्हणजे कॅपमध्ये किंवा पॉलि-ए शेपटीत आहे, कणाला बोल लावू नका. मूळ चमकतो पण कणातून काढलेला चमकत नाही, तर कण बनवताना किंवा साठवताना आरएनए बिघडला. दोन्ही सारखेच चमकतात, तर आरएनए ठणठणीत आहे आणि दोष पोचवण्यात आहे.

मधल्या शक्यतेत एक खाच आहे. जेलवर पट्टी अखंड दिसते आणि तरी आरएनए काम करत नाही, असे होऊ शकते. तृतीयक अमाइन असलेल्या लिपिडचे ऑक्सिडीकरण होऊन एन-ऑक्साइड बनते, त्यातून ॲल्डिहाइड सुटतात आणि ते आरएनएच्या बेसशी कायमचे जोडले जातात. २०२१ मध्ये मोडर्नाच्या शास्त्रज्ञांनी ही प्रक्रिया सविस्तर मांडली. केशिका इलेक्ट्रोफोरेसिसला असे जोड दिसत नाहीत, आयन-पेअर रिव्हर्स्ड-फेज एचपीएलसीवर मुख्य शिखराच्या मागे वेगळा उंचवटा दिसतो. एसएम-१०२ ची बाटली जुनी असेल, वारंवार उघडली गेली असेल, तर संशय आधी तिच्यावर घ्या. नवीन लॉटमधून एक छोटी बॅच करून बघणे एचपीएलसीची वाट पाहण्यापेक्षा स्वस्त पडते.

आरएनए ठीक आहे, तरी पेशी अंधारात

लिपोफेक्टामाइनची (बाजारातला धनभारित लिपिडचा ट्रान्सफेक्शन अभिकर्मक) सवय असलेले लोक ट्रान्सफेक्शनच्या वेळी सीरम काढून टाकतात. कायम धनभार असलेल्या लिपिडला ते ठीक आहे. आपला कण ७.४ ला तटस्थ असतो, पेशीला चिकटायला त्याच्याकडे स्वतःचे असे काही नसते. रक्तात पेग सुटल्यावर कणावर अपोलिपोप्रोटीन-ई (अपो-ई) हे प्रथिन बसते आणि यकृतपेशींचे एलडीएल रिसेप्टर ते ओळखतात. म्हणूनच हे कण शिरेतून दिले की यकृताकडे धावतात. सीरम काढले की ही वाटच बंद होते. तुमच्या शून्याचे कारण इतके साधेही असू शकते. १० टक्के एफबीएस (वासराचे सीरम) ठेवा, आणि एका ओळीत कणांना पुनर्योजित मानवी अपो-ई मिलीला १ मायक्रोग्रॅम या प्रमाणात घालून द्या. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये खाचेला ५० ते १०० नॅनोग्रॅम आरएनए, वाचन ६ आणि २४ तासांनी. एचईकेच्या जोडीला हेप-जी२ या यकृताच्या पेशी वापरल्या तर अपो-ईचा फरक जास्त स्वच्छ दिसतो.

इतके करूनही सिग्नल नाही, तर शिरकाव आणि सुटका वेगळे करा. साय-५ हा चमकणारा रंग लावलेला एमआरएनए भरून फ्लो सायटोमेट्री केली तर कण पेशीशी आहेत का ते कळते. एक नमुना ४ अंशांवर ठेवा, म्हणजे नुसते बाहेर चिकटलेले किती तेही समजेल. साय-५ भरपूर आणि ल्युसिफरेज नाही, याचा अर्थ एंडोसोममध्ये कोंडी. इथे टीएनएस (धनभारित कणाशी बांधला की चमकणारा रंग) चाचणी करा: पीएच ३ ते १० पर्यंतचे बफर, प्रत्येकात कण आणि टीएनएस, चमक कमाल मूल्याच्या निम्म्यावर येते तो कणाचा पीकेए. तुमच्या कणाचा ६.७ च्या जवळ यायला हवा. तो लक्षणीय सरकला असेल तर लिपिड बिघडले आहे किंवा प्रमाण चुकले आहे. पेशी-प्रयोगशाळेची सोय असेल तर गॅलेक्टिन-८ किंवा ९ ला चमकणारे प्रथिन जोडलेल्या पेशी वापरा. एंडोसोमचा पडदा फाटला की हे प्रथिन तिथे ठिपक्यांसारखे जमा होते आणि फाटणे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते.

प्रश्नात नाही, पण दरवेळी निघतेच, म्हणून कायटोसान या नैसर्गिक बहुवारिकाबद्दल. स्वस्त आहे, सहज मिळते, म्हणून आपल्याकडे बरेच प्रकल्प त्यावर होतात. त्याच्या अमाइनचा पीकेए ६.५ च्या आसपास असल्याने ७.४ ला त्याचा बहुतेक भार जातो आणि आरएनएवरची पकड ढिली पडते. आम्ल बफरमध्ये मोजलेला सुंदर आकार सीरममध्ये टिकत नाही. नाकातून किंवा श्लेष्मल आवरणावर देण्यासाठी त्याचा विचार करा, शिरेतून एमआरएनए द्यायला नको. आणि काम यकृतातल्या एसआयआरएनएचे असेल तर नॅनोकण लागतोच असे नाही. गिव्होसिरान, इन्क्लिसिरान ही औषधे यकृतपेशी ओळखतात ती गॅलनॅक शर्करा जोडून, कणाविना, त्वचेखाली देतात. २०१८ च्या ऑनपॅट्रोला शिरेतून सुमारे ८० मिनिटांचे इन्फ्युजन आणि आधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल, अँटिहिस्टामिन लागतात. एमआरएनएसाठी मात्र गॅलनॅकची वाट उपलब्ध नाही. रेणू फार मोठा आहे आणि एसआयआरएनएसारखा सगळीकडे रासायनिक बदल करून टिकाऊ करता येत नाही, तसे केले तर रायबोसोम तो वाचूच शकत नाही.

गोठवल्यावर कण का फुगले

तुम्ही पीबीएसमध्ये गोठवले, हे २०० नॅनोमीटरचे कारण जवळजवळ नक्की. पाणी बर्फ होऊ लागले की कण उरलेल्या द्रवाच्या अरुंद पट्ट्यांत दाबले जातात. त्यात सोडियम फॉस्फेटचे स्फटिक बनताना पीएच बराच खाली जातो, लिपिडवर भार येतो आणि कण एकमेकांत विलीन होतात. उपाय दोन आणि दोन्ही एकत्र: बफर ट्रिस, २० मिलिमोलर, पीएच ७.४, आणि सुक्रोज ८ ते १० टक्के. सुक्रोज कणांभोवती काचेसारखे घट्ट होते आणि त्यांना वेगळे ठेवते. फायझरनेही २०२१ मध्ये लशीचे बफर फॉस्फेटवरून ट्रिसवर नेले, त्यानंतर ती लस २ ते ८ अंशांवर जास्त काळ टिकू लागली. शेवटचे डायलिसिसच ट्रिस-सुक्रोजमध्ये करा. पीबीएसमधल्या कणांत नंतर साखर टाकून काम अर्धेच होते.

लहान भाग करून गोठवा, खोलीच्या तापमानाला स्थिर ठेवून वितळवा, कुपी दोन-तीनदा हळू उलटी करा. व्होर्टेक्स अजिबात नको, हवा आणि पाण्याच्या सीमेवर कण फुटतात. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नका. वितळल्यावर आकारासोबत एनकॅप्सुलेशनही मोजा. आकार तसाच राहून आरएनए बाहेर गळालेला असू शकतो, आणि तो बाहेरचा आरएनए काही मिनिटांत वाया जातो.

डीएलएसच्या (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजण्याच्या पद्धतीच्या) आकड्याबाबत एवढे लक्षात असू द्या की विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. मूठभर गुठळ्याही सरासरी खूप वर नेतात. म्हणून २०० हा आकडा आला की पूर्ण वितरण बघा. ८० ला शिखर शाबूत आहे आणि शेजारी मोठ्या गुठळ्यांचे दुसरे शिखर आहे, की पहिलेच शिखर सरकले? पहिल्या स्थितीत ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने बॅच वाचू शकते, फिल्टरनंतर आरएनए पुन्हा मोजून. दुसऱ्या स्थितीत टाकून द्या.

याच अडचणीवर कोरडे करणे हा दुसरा मार्ग आहे आणि त्याचे उदाहरण पुण्यातच आहे. जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या जेमकोव्हॅक-१९ या स्वयं-प्रवर्धक एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती लायोफिलाइज्ड असून २ ते ८ अंशांवर ठेवता येते. तालुक्याच्या ठिकाणी उणे ७० चा फ्रीजर मिळत नाही, साधा लस-फ्रीज मिळतो. आपल्या भागात हे तंत्र कोणाच्या हाती पोचणार ते अशाच गोष्टींवर ठरते. पण लायोफिलायझेशनमध्ये गोठवण्याचा ताण असतोच, वर सुकवण्याचा ताण वाढतो. ट्रिस-सुक्रोजमध्ये साधी गोठण-वितळण नीट जमल्याशिवाय तिकडे वळू नका.

उंदरांकडे कधी

कणातून काढलेला आरएनए मूळ आरएनएइतका चमकला, सीरम आणि अपो-ईसह पेशींत डोसप्रमाणे वाढणारा सिग्नल आला, आणि निदान तीन स्वतंत्र बॅचमध्ये हेच दिसले, की मग. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे अर्ज ठेवतानाही हीच माहिती जोडा, तिथे ती विचारली जातेच आणि विचारली जायला हवी. जे उत्तर प्लेटमध्ये मिळते त्यासाठी जनावर वापरू नये.

२० ग्रॅमच्या उंदराला किलोमागे ०.५ मिलिग्रॅम म्हणजे १० मायक्रोग्रॅम आरएनए, शेपटीच्या शिरेतून १०० ते २०० मायक्रोलिटरमध्ये. म्हणजे द्रावण मिलीला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅमचे लागेल, त्यानुसार आधीच आटवून ठेवा. ल्युसिफेरिन (ल्युसिफरेज ज्यावर चमकते तो पदार्थ) किलोमागे १५० मिलिग्रॅम पोटाच्या पोकळीत टोचून, दहा मिनिटांनी चित्र, आरएनए दिल्यानंतर ४ ते ६ तासांनी. यकृत चमकेल. नुसत्या बफरचा गट आणि रिकाम्या कणांचा गट दोन्ही ठेवा, कारण आयनायझेबल लिपिड स्वतःच दाह निर्माण करते आणि दाहामुळे प्रथिननिर्मिती खाली येते. एंडोटॉक्सिन आणि आरएनएतले दुपदरी अंश आधी तपासा. दुपदरी आरएनए टीएलआर-३ आणि आरआयजी-आय हे विषाणू ओळखणारे रिसेप्टर जागे करतो आणि पेशी भाषांतर, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनवणे, थांबवते. सुधारित न्यूक्लिओसाइड वापरले तरी हे अंश आपोआप जात नाहीत, सेल्युलोज किंवा एचपीएलसीने काढावे लागतात.

दुसरा डोस पहिल्यानंतर आठवड्याभरात द्यायचा असेल तर पेगविरुद्ध तयार झालेल्या आयजीएम प्रतिपिंडांमुळे कण रक्तातून लवकर काढून टाकले जाण्याची शक्यता धरून चाला. पण एकाहून जास्त डोस देता येणे हीच या वाहकाची, जनुके पोचवायला वापरतात त्या एएव्ही विषाणूपुढची, मोठी बाजू आहे. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात सीपीएस-१ या विकराची जन्मजात उणीव असलेल्या बाळाला खास त्याच्यासाठी बनवलेला बेस एडिटर (डीएनएतले एक अक्षर बदलणारे साधन) लिपिड नॅनोकणांतून दिला, आणि डोस टप्प्याटप्प्याने वाढवत पुन्हा देता आला. त्या कणांतही आयनायझेबल लिपिडचे हेच तत्त्व होते, आणि लक्ष्य यकृतच होते.

फुप्फुसात न्यायचे असेल तर चार घटकांत डीओटॅपसारखे कायम धनभारित लिपिड पाचवा म्हणून घालतात. २०२० मध्ये डॅलसच्या सिगवार्ट गटाने ही पद्धत मांडली. तिथे डीओटॅप एकूण लिपिडच्या निम्म्यापर्यंत जाते, त्यामुळे वरचा एन/पीचा हिशेब, झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागाच्या भाराचे माप) आणि रक्तातल्या प्रथिनांचा थर सगळेच बदलते, रक्त गोठण्याचा धोकाही तपासावा लागतो. ती बॅच वेगळे उत्पादन समजून आरएनए परत काढण्यापासून सगळ्या चाचण्या पुन्हा करा. यकृताच्या कणांचे आकडे तिथे चालवून घेऊ नका.